चोळलेलं पान

दूध ओतू जाऊन शेगडीवर करपलं होतं आणि मी तिथेच, हातभर अंतरावर, ओट्याकडे पाठ करून कोथिंबीर निवडत उभी होते. लेक वरच्या खोलीतून धावत खाली आली. "आई, काय करून राहिली आहेस? वास नाही आला तुला?"

नव्हता आला. 2021 चा मे महिना होता. कोविडचा ताप उतरून बारा दिवस झाले होते. घरातले सगळे वाचले होते, आणि त्या दिवसांत इंदुरात ज्या घरातले सगळे वाचले त्या घराने आणखी काही मागू नये अशी वेळ होती. म्हणून मी कोणाजवळ बोलले नव्हते. त्या दिवशी शेगडी पुसून झाल्यावर हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. मग लसूण ठेचला. मग देवघरातला कापूर आणला. तिन्हींचा वास एकच होता, म्हणजे नव्हताच.

ज्याचं नाक शाबूत आहे त्याला हे समजावणं कठीण. दिसेनासं झालं तर लोक हात धरतात. वास गेला तर म्हणतात, बरं झालं, नाल्यावरून जाताना त्रास नाही. पण जिभेला खारट, गोड, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात, बाकीची बहुतेक चव नाकाचीच असते. सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी पोह्यांचा ठेला लागतो. खाली पातेल्यात पाणी उकळत असतं, वर वाफेवर पोहे, त्यात बडीशेप, वरून जिरावन मसाला आणि शेव. लॉकडाऊन उठल्यावर ठेला पुन्हा लागला तेव्हा मी पहिल्याच दिवशी गेले. मऊ, मग कुरकुरीत, मग खारट. एवढंच. अर्धी प्लेट टाकून घरी आले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की नाकातल्या वासाच्या पेशी शरीर आयुष्यभर नव्याने घडवत असतं, त्यामुळे धीर सोडू नका, पण त्यांना काम द्या. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 साली ही रीत मांडली: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, दिवसातून दोनदा, निदान बारा आठवडे. प्रत्येक वास काही सेकंद, सावकाश, आणि वास घेताना ती वस्तू मनात आणायची. मला ते रियाजासारखं वाटलं. सूर लागत नसला तरी तानपुऱ्यासमोर बसायचं.

लवंग घरात होती. निलगिरीचं तेल होतं, लिंबू तर होतंच. अडलं ते गुलाबाशी. बाजारात जे टप्पोरे लाल गुलाब मिळतात त्यांना वास असतोच कुठे! पूजेच्या गुलाबजलाची बाटली लेकीने हुंगून बघितली आणि म्हणाली, "आई, हे तर साबणासारखं येऊन राहिलं." अत्तराच्या एका बाटलीने नाकात नुसती चुरचुर झाली. वास न येणाऱ्या माणसाला खोटा वास कसा ओळखू येणार?

आमच्या समोर एक मावशी राहतात. सगळी गल्ली त्यांना मावशीच म्हणते. कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेलं, आता गच्चीवर आणि अंगणात झाडंच झाडं. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी आमच्या फाटकाशी एक कुंडी आणून ठेवली, बेल वाजवली आणि मास्क लावून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनच ओरडल्या, "गुलाब नाही तो, पण गुलाबाचं काम करेल. पान तोडू नको ग. फुंकर नको, हुंगणं नको. आधी चोळ!"

ते जिरेनियम होतं. दारोदारी लाल-गुलाबी गेंद येणारं, नर्सरीत रांगेने मांडलेलं ते नव्हे. हे दिसायला अगदी साधं. पानं हिरवी-करडी, गाजराच्या पाल्यापेक्षा रुंद आणि शेवंतीच्या पानापेक्षा जास्त कातरलेली, अंगावर बारीक खरखरीत लव. फूल पावलीएवढंसुद्धा नाही, फिकट गुलाबी, वरच्या दोन पाकळ्यांवर जांभळ्या रेघा. फुलाला वास नाही म्हटलं तरी चालेल. वास सगळा पानात. त्या लवेतल्या काही केसांच्या टोकाशी तेलाचा इवलासा थेंब कोंडलेला असतो. बोट फिरलं की तो फुटतो. मोगरा, रातराणी, पारिजातक ही झाडं स्वतःहून घरभर येतात. हे झाड येत नाही. त्याच्याकडे जावं लागतं, हात लावावा लागतो.

जून गेला, जुलै गेला. सकाळी चहाच्या आधी आणि रात्री दिवे मालवायच्या आधी मी पोर्चमध्ये त्या कुंडीपाशी मोड्यावर बसायची. एक पान अंगठा आणि तर्जनीत धरायचं, देठाकडून टोकाकडे हलकं चोळायचं, बोटं नाकाशी आणायची. काही नाही. बोटांना मात्र कळायचं. सकाळचं पान जरा ताठ, रात्रीचं मऊ. पाऊस पडून गेलेला असला तर लव चिकटलेली. जुलैत तर उलटंच काही सुरू झालं. काही वास परत आले, पण विद्रूप होऊन. कांदा परतला की जळकं रबर, कॉफी उघडली की कुजलेलं काहीतरी. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे, तारा पुन्हा जुळतायत, सध्या चुकीच्या ठिकाणी जुळतायत. चांगलं लक्षण म्हणे! महिनाभर मी कांद्याशिवाय स्वयंपाक केला आणि फोडणीच्या वेळी लेकीला ओट्याशी उभं करून स्वतः अंगणात गेले.

या दोन महिन्यांत मावशी रोज संध्याकाळी त्यांच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसत आणि आम्ही रस्त्याच्या दोन काठांवरून बोलत असू. झाडाविषयी मला जे कळलं ते त्या रस्त्यावरून आलं. पहिली गोष्ट ही की आपण ज्याला जिरेनियम म्हणतो ते खरं तर पेलार्गोनियम. सतराव्या शतकापासून दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली ही झाडं जहाजांतून युरोपात जाऊ लागली. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये त्यांना जिरेनियममध्ये घातलं, 1789 मध्ये लेरितिए या फ्रेंच माणसाने वेगळं काढलं, पण तोवर बागवानांच्या तोंडी जुनं नाव बसलं होतं ते बसलंच. फरक फुलात दिसतो. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या, याच्या वरच्या दोन निराळ्या. नावं दोन्ही पक्ष्यांची आहेत, कारण फळाला लांब चोच असते: ग्रीकमध्ये गेरानोस म्हणजे क्रौंच आणि पेलार्गोस म्हणजे करकोचा. मावशींना हे सांगताना इतका आनंद व्हायचा की मास्कच्या वर डोळे चमकताना दिसत. "पोरांना शिकवायची मी," त्या म्हणत, "चोच बघा, मग नाव विसरणार नाही."

ऑगस्टमधली ती सकाळ मला तारखेनिशी आठवत नाही याचं वाईट वाटतं. रात्रभर पाऊस लागून उघडला होता. मी नेहमीसारखी बसले, पान चोळलं, बोटं नाकाशी आणली, आणि आजीचे गुडघे आठवले.

वास आला असं मला आधी वाटलंच नाही. आधी खंडव्याचं घर आलं, मागचं न्हाणीघर, तिथल्या कट्ट्यावर पाय लांब करून बसलेली आजी, पातळ गुडघ्याच्या वर सारलेलं, आणि आम्ही दोघं भावंडं एकेक गुडघा वाटून घेऊन तेल चोळतोय. बुचाची बाटली. पिवळसर तेल. रोशा तेल. ते डोळ्यांसमोर आल्यावर मग मला कळलं की नाकात काहीतरी आहे. गुलाब नव्हता तो. गवताळ, ओलसर, गोडसर, किंचित औषधी. मी दुसरं पान चोळलं. पुन्हा तेच. तिसरं. मग मी चपला न घालता ओल्या रस्त्यावरून समोर गेले आणि मावशींचं फाटक वाजवलं.

"मावशी, वास आला. पण गुलाबाचा नाही, रोशा तेलाचा आला."

मला वाटलं त्या म्हणतील की तुझं नाक अजून चुकतंय, कांद्याचं रबर होतं तसं गुलाबाचं रोशा झालं. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझं नाक अगदी बरोबर सांगून राहिलं आहे."

खंडव्याकडच्या निमाडात आणि खानदेशात डोंगरउतारावर एक गवत उगवतं. मराठीत त्याला रोशा म्हणतात, तिखाडी म्हणतात. पावसाळा सरता सरता ते फुलावर येतं तेव्हा कापायचं आणि ओढ्याकाठी भट्टी लावून त्याचं तेल काढायचं, हा तिकडचा जुना धंदा. गवताच्या दोन जाती, मोतिया आणि सोफिया. मोतियाचं तेल सरस. हे तेल मुंबईहून जहाजाने तुर्कस्तानाकडे जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. युरोपच्या बाजारात त्याला नाव पडलं होतं भारतीय जिरेनियम तेल. वास तसाच, म्हणून. 1871 मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या या गवताच्या तेलातून एक द्रव्य शुद्ध करून वेगळं काढलं. त्याला आज जिरेनिऑल म्हणतात. नाव जिरेनियमचं, पण पहिल्यांदा हाती लागलं ते आपल्या गवतातून. गुलाबात ते आहे, माझ्या कुंडीतल्या पानात आहे, आणि रोशा तेलात तर तीन चतुर्थांशाच्या वर तेच असतं. पानाच्या वासात सिट्रोनेलॉल वगैरे आणखी पुष्कळ काही असतं, पण माझ्या नाकाने त्या सगळ्यातून ओळखीचं तेवढं वेचून काढलं होतं. चार महिने मुकं असलेलं नाक पहिला शब्द बोललं तो निमाडी.

मी मावशींच्या पायरीवर बसून राहिले. त्यांनी आतून चहा आणला आणि पहिल्यांदाच आम्ही रस्ता मध्ये न ठेवता बोललो.

यानंतर मी जे केलं ते प्रेमापोटी केलं. या रोपाला इतक्या लहान कुंडीत ठेवायचं नाही, असं ठरवून मोठी कुंडी आणली. प्लॉटच्या कोपऱ्यातली काळी माती खणून भरली. घरातल्या ओल्या कचऱ्याचं दोन वर्षं जपलेलं खत घमेलंभर घातलं. आणि पावसाचं पाणी अमृतासारखं म्हणून पोर्चमधून उचलून उघड्यावर ठेवलं. पाचव्या दिवशी खालची पानं पिवळी झाली. आठव्या दिवशी खोड जमिनीलगत काळं, ओलं, बोटाने दाबलं तर आत जाणारं. हात लावला आणि झाड हातात आलं.

माळव्याच्या काळ्या मातीबद्दल मला एक शब्द वाईट बोलवणार नाही. 'मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर' हे ऐकतच इथली पोरं मोठी होतात. पण ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून बसते, सुकली की भेगाळते. गहू-हरभऱ्याला ती आई आहे. केपच्या खडकाळ उतारांवरून आलेल्या झाडाच्या मुळांना ती गुदमरवते. आणि खत? मावशींनी काळं खोड बघितलं आणि जराही न रागावता म्हणाल्या, "इंदूरची आहेस ना, खत जास्त घालणारच."

त्यांच्या बोलण्याला मोठा इतिहास आहे, आणि तो इंदूरच्या लोकांनाच ठाऊक नसतो म्हणून इथे थोडं थांबते. आपलं कृषी महाविद्यालय आहे तिथे 1924 मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती उद्योग संस्था सुरू केली. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून, ठरल्या वेळी उलथून, तीन महिन्यांत खत करायची रीत त्यांनी इथे बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. 1931 मध्ये त्यावरचं पुस्तक निघालं तेव्हा हॉवर्ड यांच्या नावाशेजारी त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचंही नाव होतं. 1935 मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनी ही खतं मुद्दाम जाऊन पाहिली. सेंद्रिय शेतीविषयी जगात कुठेही बोलणं निघालं तरी आपल्या गावाचं नाव येतं, ते या खड्ड्यांमुळे. मावशींनी कॉलेजातल्या मुलांना दरवर्षी तिथे नेलं. आणि तरीही त्यांचं म्हणणं असं की या एका झाडाला खत चिमटीनेच द्यावं. नत्र जास्त झालं की ते पानं भरभरून काढतं, मोठी, लुसलुशीत, आणि वास पातळ होतो. थोडं उपाशी, थोडं उन्हात असलं म्हणजे पानात तेल धरतं.

झाड मेलं पण वंश होता, कारण माझी कुंडी मुळात मावशींच्या झाडाचंच कटिंग होती. त्यांचं थोरलं झाड पत्र्याच्या शेडखाली पावसाळा काढत होतं. उत्तरेकडच्या मैदानातल्या शेतकऱ्यांची हीच अडचण होती: हिवाळ्यात जिरेनियम जोमाने येई आणि पावसाळ्यात मुळं कुजून लागवडीचं रोपच संपे. औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर काम करणाऱ्या लखनौच्या सीमॅप या संस्थेने पॉलिथिनच्या छपराखाली मातृरोपं जपायची सोपी पद्धत बसवून दिली, आणि आता महाराष्ट्रातही लोक तेलासाठी जिरेनियम लावतात. हजार किलो पाल्याला तेल जेमतेम किलोभर. घरच्या कुंडीवाल्याने मात्र तेलाच्या नादी लागू नये. पाऊस लागायच्या आत कुंडी छपराखाली घ्यावी आणि दरसाल नवी कटिंग लावावीत, बस.

कटिंग लावायचा मुहूर्त आमच्याकडे दसऱ्यानंतर, ऊन नरमलं आणि रात्री गार झाल्या की. मावशींनी मला एकदाच दाखवलं, पण त्यांच्या हाताची हालचाल डोळ्यांपुढे तशीच आहे. फूल नसलेला, फार कोवळा नाही आणि लाकडी झालेला नाही असा शेंडा निवडायचा. चार बोटं लांब. पेराच्या जरा खाली, धारदार ब्लेडने, एका झटक्यात काप. कात्रीने देठ चेंगरतो. वरची दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढायची, पेराशी असतात ती बारीक उपपर्णंसुद्धा नखाने खुडायची, कारण कुजायला सुरुवात तिथून होते. आणि मग, ज्यावर माझा विश्वास बसेना, ते सगळे तुकडे वर्तमानपत्रावर मांडून रात्रभर तसेच ठेवायचे. गुलाबाची फांदी अशी ठेवली तर मेली असती. पण याला कापल्या जागी खपली धरू द्यावी लागते, ओली जखम मातीत गेली की काळं पडतं. सकाळी काप कोरडा, जरा आत ओढलेला दिसतो. मग चहाच्या कुल्हडात, तळाला भोक पाडून, जाड नदीची वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं, त्यात दोन पेरं जातील एवढं खोचायचं. एकदा पाणी. वर प्लास्टिकची पिशवी घालायची नाही; लवेवर दव साचलं की पानं सडतात. तीन-चार आठवड्यांनी शेंड्याला नवं पान फुटलं की समजायचं, खाली मूळ धरलं.

बाकी काळजी म्हणावी अशी थोडीच. हिवाळ्यात भरपूर ऊन, एप्रिलपासून दुपारी सावली. बोटाचं एक पेर आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी. शेंडे खुडत राहायचं म्हणजे झाड काटकुळं न होता डेरेदार होतं. पांढरी माशी आली तर पानांची पाठ धुवायची.

नर्सरीत याच्याच एका भाऊबंदाला 'मच्छरवाला पौधा' म्हणून विकतात. मला वाईट वाटतं ते यासाठी की लहान बाळं असलेल्या घरांतून तो भरवशाने नेला जातो. कुंडी नुसती खिडकीत ठेवून डास जात नाहीत. तेल पानात बंद असतं, हवेत फारसं येत नाही. आमच्या पोर्चमध्ये चार कुंड्यांच्या मध्ये बसून मला डास चावलेत. बाळाला मच्छरदाणीच लावा. आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर झाड उंचावर ठेवा, पानं पोटात गेली तर त्यांना ती सोसत नाहीत.

आता माझ्याकडे तीन आहेत. गुलाबाच्या वासाचं ते पहिलं. एक पुदिन्याचं, त्याची पानं तळहाताएवढी आणि इतकी मखमली की येणारं प्रत्येक मूल त्यावर गाल घासतं. त्याला दुपारचं ऊन अजिबात चालत नाही. आणि एक लिंबाचं, लहान कुरळ्या पानांचं, ताठ उभं. लिंबाच्या वासाचा रियाज पुढे मी त्याच्यावरच केला.

स्वयंपाकघरात मात्र गुलाबवालंच येतं. करायचं अगदी थोडं असतं. दहा-बारा पानं धुऊन, पंख्याखाली पूर्ण कोरडी करून (थोडा ओलावा राहिला तरी साखरेचे गोळे होतात), बरणीत साखरेचा थर, पानांचा थर, असं भरायचं. रोज एकदा बरणी हलवायची. दोन आठवड्यांनी पानं काढून टाकायची, ती चिवट असतात, खायची नाहीत. साखर दळली की चिरोट्यांवर भुरभुरायला तयार. बासुंदी उतरवल्यावर दोन पानं टाकून झाकून ठेवते आणि गार झाल्यावर काढते. उकळायचं नाही, उकळलं की वासातला गोडवा जाऊन पाल्याची चव उतरते. कोऱ्या चहात एक पान पुरतं. हे सगळं घरच्या, फवारा न मारलेल्या झाडाच्या पानांचं झालं. बाजारातल्या बाटलीतलं तेल पोटात घ्यायचं नसतं. वाळलेली पानं मलमलच्या पुरचुंडीत बांधून माहेश्वरी साड्यांच्या कप्प्यात ठेवते. महिन्यांनंतरही पुरचुंडी दाबली की वास येतो, दाबली तरच.

मावशी मध्यंतरी आठ महिने पुण्याला मुलाकडे होत्या. पाणी घालायला ठेवलेल्या मुलाने पावसाळ्यात पाऊस झाडांना चांगला म्हणून सगळ्या कुंड्या उघड्यावर मांडल्या. त्या परत आल्या तेव्हा शेडखालच्या थोरल्या झाडाच्या जागी कोरडं खोड होतं. मी संध्याकाळी चार कुल्हडं ताटात मांडून रस्ता ओलांडला. त्यांनी पहिलं पान चोळलं, हुंगलं, आणि म्हणाल्या, "हे माझंच आहे." खरंच होतं. कटिंगने वाढवलेलं झाड म्हणजे तेच झाड, नवी कुंडी एवढंच.

माझं नाक पूर्ण परत आलेलं नाही. गॅसचा वास अजून नीट येत नाही, म्हणून घरात गॅस गळतीचा अलार्म बसवलाय. कांदा आता कांदा आहे. पोहे जवळजवळ पोहे आहेत, बडीशेप दाताखाली आल्यावर लागते, आधी नाही. सकाळचं पान मी चुकवत नाही.

गेल्या भाऊबीजेला भाऊ खंडव्याहून आला होता. त्याला मी यातलं काही सांगितलेलं नव्हतं. पुरुषमाणसाला गुडघे न् गवत काय सांगायचं, असं वाटून राहून गेलं होतं. ओवाळून झालं, मी चिरोट्यांचं ताट पुढे केलं. त्याने एक उचलला, मोडला, तोंडात टाकला आणि चावायचा थांबला. मग उरलेला तुकडा नाकाशी नेला. मग बोटं हुंगली, एकेक करून, लहानपणी आम्ही तेल चोळून झाल्यावर हुंगायचो तशी.

"ताई," तो म्हणाला, "डावा गुडघा माझा होता ना?"

जाताना त्याने दोन कुल्हडं नेली. बूट ठेवायच्या खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे घालून बसवली होती, मोरटक्क्याच्या पुलावर बस खडखडते म्हणून तो ती मांडीवर घेऊन गेला. बडवाह सोडल्यावर फोन आला: दोन्ही उभी आहेत, पण शेजारचे प्रवासी विचारून राहिलेत की डब्यात मिठाई कसली आहे. खंडव्याचा मे महिना इंदूरपेक्षा कितीतरी कडक असतो. त्याला सांगितलंय, मागच्या न्हाणीघरापाशी उत्तरेची भिंत आहे, तिथे ठेव.